परदेशातून जुनी मोटारसायकल आणताना: कागद आधी, गाडी मागून

परदेशात एखादी जुनी मोटारसायकल पसंत करणं आणि पैसे पाठवणं दोन दिवसांत उरकतं. तीच गाडी बंदरातल्या गोदामातून सोडवायला मात्र महिने लागू शकतात, आणि त्याला गाडीतला दोष क्वचितच कारण असतो. चॅसीवर एक नंबर, मालकीच्या कागदावर त्यात एक अक्षर कमी, इनव्हॉइसवर तिसराच काहीतरी, एवढ्यावर फाइल अडते. गोदामाचं भाडं मात्र रोज चढत राहतं.

म्हणून या लेखातल्या पायऱ्यांचा क्रम मोडू नका. पहिल्या तीन पायऱ्या पैसे देण्याआधीच्या आहेत. विक्रेता घाई करत असेल तरी त्या गाळू नयेत.

१. गाडीचं वय, आणि ते कुठून मोजतात

आपल्या देशात ही गाडी येऊ शकते का, हा पहिला प्रश्न. त्याचं उत्तर वयावर ठरतं आणि प्रत्येक देशाची रेघ वेगळी आहे. अमेरिकेत तयार झाल्याच्या तारखेपासून २५ वर्षं पूर्ण झालेल्या गाडीला तिथले सुरक्षा-निकष लागत नाहीत; त्यासाठी वाहन-आयातीच्या एचएस-७ फॉर्मवर पहिल्या चौकटीत खूण करायची असते. धुराचा हिशेब तिथे वेगळा ठेवला आहे. त्याचा फॉर्म ३५२०-१, आणि सूट २१ वर्षांपुढच्या, मूळ रचनेत असलेल्या गाड्यांना. कॅनडात रेघ १५ वर्षांची, ऑस्ट्रेलियात २५ वर्षांची. ऑस्ट्रेलियात तर आयातीची मंजुरी गाडी जहाजावर चढण्याआधी हातात असावी लागते. भारतात विंटेज म्हणून नोंदणी करायची तर पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षं लागतात. युरोपियन संघातली ३० वर्षांची अट ही आयातीची परवानगी नव्हे, ती कराच्या सवलतीची अट आहे. या दोन गोष्टींची नवखे लोक हमखास गल्लत करतात.

वय कुठून मोजायचं, यात खरी खोच आहे. तयार झाल्याची तारीख, मॉडेल वर्ष आणि पहिल्या नोंदणीची तारीख या तीन वेगळ्या गोष्टी आहेत. शोरूममध्ये दोन वर्षं पडून राहिलेली गाडी विकली गेली त्या वर्षाची म्हणून कागदावर चढलेली असते. १९६९च्या मॉडेलपासून ट्रायम्फ आणि बीएसएच्या नंबरांत सुरुवातीला दोन अक्षरं येतात, पहिलं महिन्याचं आणि दुसरं मॉडेल-हंगामाचं. ‘जेडी’ असेल तर जे म्हणजे ऑगस्ट आणि डी म्हणजे १९७०चा हंगाम. पण तो हंगाम ऑगस्टपासून सुरू होत असल्यामुळे गाडी प्रत्यक्षात ऑगस्ट १९६९मध्ये तयार झालेली असते. रेघेच्या अगदी जवळची गाडी घेत असाल तर हा फरक निकाल फिरवतो. अशा वेळी आपल्या देशाचा नियम कोणती तारीख धरतो ते मूळ मजकुरात वाचा, एजंटाच्या तोंडी उत्तरावर विसंबू नका.

वयाच्या पुराव्यासाठी त्या कंपनीच्या गाड्यांना वाहिलेल्या क्लबचं कालनिर्णय-पत्र उपयोगी पडतं. अनेक कारखान्यांची रवानगीची वहीखाती आज क्लबांकडे आहेत. ब्रिटनमध्ये १९४६ साली स्थापन झालेल्या व्हिंटेज मोटर सायकल क्लबकडे त्यांचा मोठा साठा आहे. चॅसी आणि इंजिन नंबरांचे फोटो पाठवले की गाडी कारखान्यातून कधी निघाली आणि कुठल्या विक्रेत्याकडे गेली हे नोंदीतून लिहून मिळतं. पत्र यायला आठवडे लागतात, म्हणून पहिला अर्ज याचाच करा. फिवा या जुन्या गाड्यांच्या आंतरराष्ट्रीय महासंघाचं ओळखपत्रही मिळू शकतं. ते १० वर्षं चालतं. ऐतिहासिक गाडी म्हणून बाजू मांडताना ते बळ देतं, पण ते मालकीचा पुरावा नाही.

२. नंबर: सगळे कागद ज्यावर टांगलेले असतात तो खिळा

१७ अक्षरी ओळख-क्रमांक अमेरिकेत १९८१च्या मॉडेलपासून सक्तीचा झाला. त्यात आय, ओ आणि क्यू ही अक्षरं वापरत नाहीत, त्यामुळे शून्य आणि ओ यांचा गोंधळ होत नाही. त्याआधीच्या गाड्यांना हे संरक्षण नाही. पाच आकडी नंबर असू शकतो, आधी-मागे एखादं अक्षर असू शकतं, मध्ये चांदणी किंवा तिरकी रेघ ठोकलेली असू शकते. नंबर चॅसीवर वेगळा आणि इंजिनवर वेगळा असणं काही कंपन्यांत मुळातूनच बरोबर असतं, तर काहींत दोन्ही सारखे असायलाच हवेत. १९६९पर्यंतच्या हार्ले-डेव्हिडसन गाड्यांच्या चॅसीवर ओळख-क्रमांकच नसायचा. मालकीची नोंद इंजिनच्या नंबरावर व्हायची. अशा गाडीचं इंजिन बदललेलं असेल तर कागदाच्या दृष्टीने ती गाडीच दुसरी झाली.

विक्रेत्याकडून पुढच्या गोष्टी मागा:

- चॅसी नंबर आणि इंजिन नंबर यांचे जवळून काढलेले फोटो, उजेड बाजूने टाकून. समोरून फ्लॅश मारला तर ठोकलेल्या अक्षरांची खोली दिसत नाही.
- दोन्ही नंबरांची पेन्सिल प्रिंट. पातळ कागद नंबरावर धरून मऊ पेन्सिल आडवी घासायची. रंगाखाली बुजलेला आकडाही यात उठून येतो.
- नंबर चॅसीच्या नेमक्या कोणत्या जागी आहे हे दाखवणारा लांबून घेतलेला फोटो. हेडस्टॉकची बाजू, इंजिन-माउंटची पट्टी, सीटखालचा लग अशा जागा कंपनीनुसार ठरलेल्या असतात.

मग त्या काळातल्या त्याच मॉडेलच्या नंबरांशी ताडून पाहा. अक्षरांची उंची, वळण, ओळीतला थोडासा वेडावाकडेपणा हे सगळं बोलतं. कारखान्यात हाताने ठोकलेले पंच क्वचितच एका रेघेत बसतात. उलट नंबराभोवतीचा पत्रा आजूबाजूपेक्षा पातळ, सपाट किंवा ग्राइंडरने घासल्यासारखा दिसला तर तिथेच थांबावं. बदललेल्या नंबराची गाडी कस्टम्सने जप्त केली तर आपण निरपराध खरेदीदार आहोत, या म्हणण्याने ती परत मिळेलच असं नाही.

एक अपवाद लक्षात ठेवा. त्या काळी अपघातानंतर कारखाना बदली चॅसी देत असे आणि ती बिननंबरी असे. जुना नंबर त्यावर विक्रेत्याने किंवा मालकाने ठोकून घ्यायचा. अशा गाडीत लबाडी नसते, पण तसं सिद्ध करणारा जुना कागद हवा: कारखान्याचं बिल, त्या काळच्या नोंदवहीतला उतारा, क्लबचं पत्र. यातलं काहीच नसेल तर गाडी कितीही देखणी असली तरी सीमेपार आणायला ती घेऊ नये, असं आमचं स्पष्ट मत आहे.

नंबर एकदा पक्का झाला की तो एका कागदावर जसाच्या तसा लिहून ठेवा, मोकळ्या जागा आणि चिन्हांसकट. इनव्हॉइस, विमा, बिल ऑफ लेडिंग (जहाज कंपनीची माल-पावती), कस्टम्सचा अर्ज या सगळ्यांत हाच नंबर, याच रूपात उतरवायचा. ऑनलाइन फॉर्म १७ अक्षरं मागत असेल तर पुढे शून्यं भरून नंबर लांबवू नका. जुन्या छोट्या नंबरासाठी वेगळी सोय आहे का ते विचारा.

३. मालकीचा कागद आणि बाहेर काढण्याचा कागद

विक्रेता मालक आहे का, गाडीवर कर्जाचा बोजा आहे का, आणि ती चोरीची आहे का, हे तीन वेगळे तपास आहेत. अमेरिकेत मालकीचा कागद म्हणजे टायटल. त्यावर कर्ज देणाऱ्याची नोंद असेल तर फेडल्याचं पत्र सोबत हवं. ब्रिटनमध्ये व्ही५सी हे नोंदणीपत्र मिळतं, पण नोंदलेली व्यक्ती कायद्याने मालक असेलच असं नाही, ही सूचना त्यावरच छापलेली असते. तिथे खरेदीची पावती तितकीच महत्त्वाची. जर्मनीत नोंदणी-प्रमाणपत्राचे दोन भाग असतात आणि दुसरा भाग मालकीच्या व्यवहारात मागितला जातो. फक्त पहिला भाग दाखवून कोणी गाडी विकत असेल तर दुसरा कुठे आहे ते विचारा. चोरीची चौकशी विक्रेत्याच्या देशातल्या पोलिसांच्या यादीत करून घ्यावी. चोरीच्या वाहनांची इंटरपोलचीही यादी आहे, तिचा आधार पोलीस आणि कस्टम्स घेतात.

बाहेर काढण्याचा कागद लोक विसरतात. गाडी जिथून निघते त्या देशाला ती कायमची गेल्याचं कळवावं लागतं. अमेरिकेतून वापरलेली गाडी बाहेर जाताना मूळ टायटल आणि गाडी निर्यातीच्या किमान ७२ तास आधी बंदरावरच्या कस्टम्सपुढे असावी लागते, आणि किंमत कितीही कमी असली तरी निर्यातीची इलेक्ट्रॉनिक नोंद करावीच लागते. ब्रिटनमध्ये व्ही५सीमधला कायमच्या निर्यातीचा भाग भरून परिवहन खात्याला पाठवायचा आणि उरलेला कागद गाडीबरोबर न्यायचा. नवखा विक्रेता प्रेमाने सगळाच कागद खात्याला पाठवून देतो आणि खरेदीदाराच्या हातात काही उरत नाही. जपानमध्ये निर्यातीसाठी नोंदणी रद्द केल्याचं प्रमाणपत्र मिळतं. त्यातला मजकूर जपानी भाषेत असेल तर अधिकृत भाषांतर तिथूनच करून आणावं.

फार जुनी आणि मोलाची गाडी असेल तर आणखी एक परवाना लागू शकतो. युरोपियन संघातून ७५ वर्षांपेक्षा जुनं आणि ५०,००० युरोंपेक्षा जास्त किमतीचं वाहन बाहेर नेताना सांस्कृतिक वस्तूंच्या निर्यातीचा परवाना घ्यावा लागतो. हा परवाना विक्रेत्याच्या बाजूने काढायचा असतो. तो मिळाल्यावरच उरलेली रक्कम देण्याची अट करारात घाला.

४. कोणत्या मथळ्याखाली, किती किमतीला

कस्टम्सचा कर वस्तूच्या संकेतांकावर ठरतो. मोटारसायकली ८७११ या मथळ्याखाली येतात आणि पुढची विभागणी इंजिनच्या सीसीवर आहे: ५०पर्यंत, २५०पर्यंत, ५००पर्यंत, ८००पर्यंत आणि त्यापुढे. म्हणून कागदावर ‘३५० सीसी’ असं ढोबळ न लिहिता नेमका आकडा लिहावा. ४९९ सीसीची गाडी ‘५००ची’ म्हणून चालून जाते; पण बोअर वाढवून ५०० ओलांडलेलं इंजिन पुढच्या गटात जातं.

दुसरा रस्ता ९७०५चा, म्हणजे ऐतिहासिक महत्त्वाच्या संग्राह्य वस्तूंचा. युरोपियन संघात किमान ३० वर्षं जुनी, उत्पादन थांबलेल्या मॉडेलची आणि मूळ स्थितीतली गाडी यात बसू शकते. मूळ स्थिती म्हणजे चॅसी, स्टीअरिंग, ब्रेक, गिअर, सस्पेन्शन, इंजिन यांत मोठे बदल नकोत. दुरुस्ती आणि जीर्णोद्धार चालतो. तिथे या मथळ्यावर आयातशुल्क शून्य आहे आणि विक्रीकराचा दरही कमी लागतो. साहजिकच सगळ्यांना ९७०५ हवा असतो. पण डिस्क ब्रेक बसवलेली, नव्या फोर्कची, चॉपर केलेली गाडी यात घालायचा प्रयत्न करू नका. कस्टम्सला शंका आली की फाइल तज्ज्ञाकडे जाते आणि गाडी गोदामात पडून राहते. मोठी रक्कम गुंतली असेल तर आयातीआधीच कस्टम्सकडून बंधनकारक वर्गीकरणाचा लेखी निर्णय मागता येतो. ही सोय अनेक देशांत आहे आणि फार कमी लोक ती वापरतात.

गाडी खोलून दोन पेट्यांत भरली म्हणजे ‘सुटे भाग’ म्हणून कमी कर लागेल, हा सल्ला कोणी दिला तर तो ऐकू नका. वर्गीकरणाच्या सामान्य नियमांतला नियम २(अ) सांगतो की सुटी केलेली वस्तूही अखंड वस्तूच्याच मथळ्यात जाते. वर खोटी माहिती दिल्याचा ठपका येतो तो वेगळाच.

किमतीबाबत जागतिक व्यापार संघटनेचा करार प्रत्यक्ष दिलेली किंमत आधाराला धरतो. ती सिद्ध करायची तर इनव्हॉइसबरोबर बँकेतून पैसे गेल्याचा कागद लागतो. रोख दिलेला व्यवहार इथे लंगडा पडतो. पैसे पाठवताना बँकेच्या शेऱ्यात चॅसी नंबर लिहा, म्हणजे तो कागद थेट त्या गाडीला जोडला जातो. इनव्हॉइसवर किंमत कमी दाखवण्याची तयारी विक्रेत्याने दाखवली तर नम्रपणे नकार द्या. लिलावांचे जुने निकाल कस्टम्सलाही दिसतात, आणि गाडी वाटेत बुडाली तर विमाही त्या खोट्या आकड्यापुरताच मिळतो.

हिशेब असा चालतो. गाडीची किंमत ८०, वाहतूक १७, विमा ३ असं धरू. आयातमूल्य झालं १००. आयातशुल्क १० टक्के असेल तर १०. पुढचा विक्रीकर १०० वर लागत नाही, तो ११० वर लागतो. २० टक्के दराने २२. म्हणजे ८०च्या गाडीवर ३२ कर आणि २० वाहतूक-विमा. अमेरिकेसारख्या काही देशांत मूल्यात आंतरराष्ट्रीय वाहतूक धरत नाहीत, तिथे आकडा खाली येतो.

परत नेण्याच्या बोलीवर गाडी तात्पुरती आणायची असेल, म्हणजे प्रवासासाठी किंवा प्रदर्शनासाठी, तर कार्ने हा तात्पुरत्या प्रवेशाचा कागद घेता येतो. पण ती आयात नव्हे. त्या कागदावर आलेली गाडी मुदतीत बाहेर गेली नाही तर कर आणि दंड दोन्ही भरावे लागतात, आणि ती विकता तर येतच नाही.

५. करारातली तीन अक्षरं आणि विमा

विक्रेता ‘ईएक्सडब्ल्यू’ लिहून मोकळा होतो. त्याचा अर्थ गाडी त्याच्या दारातून उचलणं आणि त्याच्या देशातून निर्यातीची मंजुरी काढणं दोन्ही तुमच्या अंगावर. परक्या देशात तुमच्या नावाने निर्यात नोंदवणं कित्येकदा शक्यच नसतं. ‘एफसीए’ वर आग्रह धरा; त्यात निर्यातीची मंजुरी विक्रेत्याची जबाबदारी असते.

‘सीआयएफ’मध्ये विमा विक्रेता काढतो, पण इनकोटर्म्स २०२० या आंतरराष्ट्रीय व्यापार-अटींनुसार त्याने किमान संरक्षणाचा, म्हणजे क्लॉज सीचा विमा काढला तरी पुरतं. त्यात जहाज बुडालं, आग लागली असे मोठे प्रसंग येतात; चोरी किंवा फोर्कलिफ्टचं पातं टाकीत घुसणं येत नाही. आपला विमा आपण क्लॉज एचा काढावा, किंमत अधिक वाहतुकीच्या ११० टक्क्यांचा. जीर्णोद्धार केलेली गाडी असेल तर मूल्यांकन-पत्र आधीच जोडावं.

विमा नसला की आणखी एक संकट असतं, ते फारसं कोणाला ठाऊक नसतं. जहाज वाचवण्यासाठी काही माल किंवा खर्च मुद्दाम सोसावा लागला तर तो सगळ्या मालमालकांत वाटला जातो. याला जनरल ॲव्हरेज म्हणतात. तुमची गाडी धडधाकट असली तरी तुमचा वाटा किंवा हमी भरल्याशिवाय ती सोडत नाहीत. विमा असेल तर ही हमी विमा कंपनी देते.

६. गाडीची तयारी

पेट्रोल. मोटारसायकल यूएन ३१६६ या क्रमांकाखाली धोकादायक माल आहे. टाकी रिकामी आणि बॅटरी शॉर्ट-सर्किटपासून सुरक्षित असेल तर समुद्रमार्गावर बहुतेक अटींतून सूट मिळते. हवाई मार्गावर टाकी शक्य तितकी रिकामी हवी, उरलेलं इंधन पाव टाकीच्या वर चालत नाही. विमान कंपनीची स्वतःची अट याहून कडक असू शकते. टाकीतलं पेट्रोल काढून घ्या, मग कॉक उघडा ठेवून इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालवा, म्हणजे कार्ब्युरेटरचा फ्लोट बोलही कोरडा होतो. नुसती टाकी उपसली आणि बोल भरलेला राहिला तर पेटी उघडणाऱ्याला वास येतो आणि माल अडतो. रिकाम्या लोखंडी टाकीला दोन महिन्यांत आतून गंज धरतो, म्हणून थोडं इंजिन ऑइल आत फिरवून ठेवा.

बॅटरी. ॲसिडची उघडी बॅटरी काढून तिथेच ठेवणं उत्तम. सुटी पाठवली तर तिचे वेगळे धोकादायक-मालाचे कागद लागतात. मॅग्नेटोवर, म्हणजे बॅटरीशिवाय ठिणगी देणाऱ्या यंत्रावर चालणाऱ्या गाडीत बॅटरी नसेलच, तर ‘बॅटरी नाही’ असं पॅकिंग लिस्टमध्ये स्पष्ट लिहा, नाहीतर कोणीतरी ती शोधत बसतं.

माती. ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंड या बाबतीत सर्वांत कडक, पण नियम इतरत्रही आहेत. मडगार्डच्या आतली कड, चेनगार्ड, स्टँडचा बिजागर, एअर फिल्टर, सीटखालची जागा, टायरच्या खाचा इथली माती, बिया, कोळ्याची जाळी सगळं काढा. वाफेने धुताना मॅग्नेटो आणि चाकांच्या बेअरिंगवर झोत मारू नका. धुतल्यानंतरचे फोटो तारखेसह ठेवा.

ॲस्बेस्टॉस. जुन्या ब्रेक शूज, क्लच प्लेट्स आणि सायलेन्सरच्या गॅस्केटमध्ये ते असायचंच. ऑस्ट्रेलियात त्यावर ३१ डिसेंबर २००३पासून पूर्ण बंदी आहे, आणि तिथे पोचल्यावर सापडलं तर ते काढण्याचा खर्च फार मोठा. हे भाग निघण्याआधीच बदला, बदलल्याचं बिल ठेवा, शंका राहिली तर मान्यताप्राप्त प्रयोगशाळेचा अहवाल घ्या. जुने शूज फुंकर मारून किंवा हवेच्या झोताने साफ करू नयेत. धूळ श्वासात जाते, म्हणून ओल्या फडक्याने पुसावेत.

गाडी बांधताना पट्टे हँडलला न बांधता फोर्कच्या खालच्या योकला, म्हणजे दोन्ही नळ्या जोडणाऱ्या आडव्या भागाला बांधा. मऊ लूप वापरा, हुक थेट क्रोमवर नको. टेलिस्कोपिक फोर्क पूर्ण दाबून बांधला तर दोन महिन्यांत सील गळतात. पुढचं चाक आणि खालचा योक यांच्यामध्ये लाकडी ठोकळा ठेवला की फोर्क ठरावीक खोलीपलीकडे दबत नाही. मागचे पट्टे चॅसीला, मडगार्डच्या पट्ट्यांना कधीच नाही. स्टँडवर उभी करून पाठवू नका. बोटीच्या हेलकाव्यात स्टँडचा लग तुटतो. आरसे, विंडस्क्रीन, टूलबॉक्सची झाकणं सुटी करून कागदात गुंडाळून पेटीतच बांधा, आणि प्रत्येक गोष्ट पॅकिंग लिस्टमध्ये लिहा. यादीत नसलेला एक सुटा कार्ब्युरेटर निघाला तरी संपूर्ण पेटी उपसून तपासली जाते.

७. पेटी

लाकडी पेटीवर आयएसपीएम १५चा, म्हणजे लाकडातून कीड पसरू नये यासाठीच्या आंतरराष्ट्रीय नियमाचा शिक्का हवा: गव्हाच्या लोंबीसारखं चिन्ह, देशाचा संकेत, उत्पादकाचा क्रमांक आणि उपचाराची अक्षरं. उष्णतेचा उपचार म्हणजे लाकडाच्या गाभ्यापर्यंत ५६ अंश सेल्सियस, सलग ३० मिनिटं. प्लायवूड, ६ मिलिमीटर किंवा त्याहून पातळ लाकूड आणि लोखंडी सांगाडा यांना हा नियम लागत नाही. शिक्का नसलेली एक फळी आधाराला ठोकली तरी पेटी परत पाठवली जाऊ शकते. पेटी बांधणाऱ्याला शेवटच्या क्षणी सापडलेला लाकडाचा तुकडा वापरू देऊ नका.

मापाकडे लक्ष द्या, भाडं त्यावर आहे. समुद्रमार्गे १ घनमीटर म्हणजे १ टन धरतात. हवाई मार्गे लांबी, रुंदी आणि उंची सेंटिमीटरमध्ये गुणून ६,०००ने भागतात. २२० × ८० × १२० सेंटिमीटरच्या पेटीचं भाड्यासाठीचं वजन ३५२ किलो येतं. पुढचं चाक आणि हँडल काढून तीच गाडी १९० × ६० × ११० मध्ये बसवली तर ते २०९ किलो. मात्र प्रत्यक्ष वजन त्यापेक्षा जास्त असेल तर तेच धरतात.

८. जहाज सुटल्यापासून पेटी उघडेपर्यंत

बिल ऑफ लेडिंगचा मसुदा छापण्याआधी मागवा आणि त्यावरचा चॅसी नंबर, तुमचं नाव, पत्ता ओळखपत्राशी अक्षरशः ताडा. जहाज सुटल्यावर दुरुस्तीला पैसे आणि दिवस दोन्ही लागतात. मूळ प्रती साधारणपणे तीन असतात आणि त्यातली एक सादर केल्याशिवाय माल मिळत नाही. पैसे पूर्ण दिलेले असतील तर टेलेक्स रिलीज, म्हणजे मूळ प्रत न दाखवता माल सोडण्याची सूचना मागा; मग कुरिअरमध्ये हरवण्याची भीती नाही. अमेरिकेत गाडी समुद्रमार्गे जात असेल तर आयातदाराची सुरक्षा-नोंद जहाजावर माल चढण्याच्या २४ तास आधी व्हायला हवी.

कस्टम्स ब्रोकर जहाज पोचल्यावर शोधू नका. सुटतानाच त्याला सगळ्या कागदांच्या प्रती द्या: इनव्हॉइस, पैसे दिल्याचा पुरावा, पॅकिंग लिस्ट, मालकीचा आणि निर्यातीचा कागद, कालनिर्णय-पत्र, विमा, भाषांतरं, नंबरांचे फोटो. गोदामाचे मोफत दिवस थोडे असतात आणि ते माल उतरल्यापासून मोजतात, तुम्हाला कळल्यापासून नाही.

ताबा घेताना पेटीची चारही बाजूंनी पाहणी करा. फळी फुटलेली असेल तर पोच-पावतीवर तसं लिहून मगच सही करा. आतलं, वरून न दिसणारं नुकसान समुद्री वाहतुकीच्या हेग-व्हिस्बी नियमांत ३ दिवसांत लेखी कळवायचं असतं आणि दाव्याची मुदत १ वर्ष; हवाई वाहतुकीच्या मॉन्ट्रियल करारात नुकसान कळवायला १४ दिवस मिळतात. पेटी उघडताना फोटो काढत जा.

९. नोंदणी आणि पहिली किक

कर भरल्याची कस्टम्सची मूळ पावती आणि मंजुरीचा कागद हा पुढच्या सगळ्या मालकांसाठी गाडीच्या जन्मदाखल्यासारखा असतो. त्याच्या दोन साक्षांकित प्रती करा आणि मूळ प्रत नोंदणी कार्यालयात सोडून येऊ नका. मुदती पाहा: ब्रिटनमध्ये गाडी पोचल्यापासून १४ दिवसांत तिच्या आगमनाची नोंद कर खात्याकडे करायची असते. तपासणीत अडकणाऱ्या गोष्टी ठरलेल्या आहेत. हेडलाइटचा झोत आपल्या रस्त्याच्या उलट बाजूला पडतो, मागचा लाल परावर्तक नसतो, वेगमापक दुसऱ्या एककात असतो, टायरवरची तारीख फार जुनी असते. इंडिकेटर त्या काळी नव्हतेच तर बहुतेक ठिकाणी लागत नाहीत. तो नियम छापून जवळ ठेवा.

आणि नोंदणी झाली तरी गाडी लगेच किक मारून सुरू करू नका. ऑइल वेगळ्या टाकीत ठेवणाऱ्या ड्राय सम्प इंजिनात, म्हणजे जुन्या ब्रिटिश गाड्यांपैकी पुष्कळांत, ऑइलच्या टाकीतलं ऑइल पंपातून झिरपत क्रँककेसमध्ये उतरतं, आणि प्रवासाच्या दीड-दोन महिन्यांत सगळी टाकी रिकामी होऊ शकते. टाकीत ऑइल दिसत नाही म्हणून वरून नवीन भरलं की क्रँककेस तुडुंब भरतो. मग पहिल्या किकला सील फुटतात किंवा ब्रीदरमधून ऑइल बाहेर उसळतं. आधी क्रँककेसचा ड्रेन प्लग उघडून साचलेलं सगळं ऑइल काढा आणि मोजा. प्लग बसवून टाकीत ताजं ऑइल भरा. स्पार्क प्लग काढून प्रत्येक सिलिंडरमध्ये चमचाभर ऑइल सोडा आणि दहा मिनिटं थांबून किक हलक्या हाताने वीसेक वेळा फिरवा. टाकीच्या परतीच्या नळीतून ऑइल परत येताना दिसलं की मग प्लग बसवा, पेट्रोल भरा आणि किक मारा.